मॅग्नेशियम पेशीत नेमकं करतं तरी काय?

मॅग्नेशियमबद्दलचा कुठलाही लेख उघडा, पहिल्या दोन-चार ओळींत एक आकडा भेटतोच: हे खनिज शरीरातल्या ३०० हून अधिक एन्झाइमांना लागतं. आकडा चुकीचा नाही, उलट अलीकडच्या मोजदादीत तो याच्या दुपटीच्या आसपास निघतो. पण त्यातून हाती काही लागत नाही. एवढ्या एन्झाइमांना लागतं म्हणजे तिथे बसून ते करतं काय? आणि इतक्या ठिकाणी त्याच्यावाचून अडत असेल, तर ते थोडं कमी पडल्याबरोबर माणूस अंथरूण का धरत नाही?

पहिल्या प्रश्नासाठी एटीपी हा रेणू जरा जवळून बघावा लागेल. पेशीतली बहुतेक कष्टाची कामं याच रेणूच्या जोरावर चालतात. स्नायू आखडणं, क्षार पेशीबाहेर फेकणं, नवी प्रथिनं बांधणं, सगळीकडे एटीपी तुटतो आणि त्यातून काम निघतं. त्याच्या एका टोकाला फॉस्फेटचे तीन गट शेपटासारखे एकापुढे एक जोडलेले असतात. तिघांवरही ऋण विद्युतभार. आता शेवटचा फॉस्फेट तोडायचा तर कुणीतरी त्याच्याजवळ जायला हवं. जो रेणू त्याच्यावर चाल करून जाणार त्याच्याकडेही इलेक्ट्रॉनांची रेलचेल असते, म्हणजे तोही ऋणच. सारखे भार एकमेकांना ढकलतात, त्यामुळे गाठ पडणंच मुश्कील. शिवाय हे शेपूट लवचीक, इकडून तिकडे वळवळणारं. एन्झाइमच्या खाचेत ते नेमकं बसत नाही.

इथे मॅग्नेशियमचा आयन कामाला येतो. त्याच्यावर दोन धनभार असतात आणि आकाराने तो अगदी छोटा. तो शेपटाच्या शेवटच्या दोन फॉस्फेटांना बिलगतो. त्यामुळे ऋणभाराची धार कमी होते, शेपूट एका ठरावीक बाकात स्थिर होतं, एन्झाइमच्या खाचेत चपखल बसतं आणि शेवटचा फॉस्फेट सुटायला तयार होतो. पुस्तकात आपण नुसतं 'एटीपी' वाचतो, पण पेशीत प्रत्यक्ष वापरात येतो तो बहुतांशी मॅग्नेशियमला धरून बसलेला एटीपी. माणूस दिवसभरात जवळपास स्वतःच्या वजनाइतका एटीपी बनवतो आणि मोडतो. कुठल्याही एका क्षणी असलेला साठा मात्र ग्रॅममध्ये मोजण्याएवढाच असतो. तोच तोच रेणू पुन्हा पुन्हा भरला जातो, पुन्हा पुन्हा तुटतो, आणि दर खेपेला मॅग्नेशियम सोबत असतं.

एन्झाइमांच्या त्या मोठ्या आकड्याचं बरंचसं रहस्य इथेच उलगडतं. त्यांतल्या कितीतरी एन्झाइमांना मॅग्नेशियम लागतं ते केवळ एटीपी हाताळायचा असतो म्हणून. ग्लुकोज पेशीत शिरल्यावर त्याच्यावर पहिला फॉस्फेट चढवणारं एन्झाइम यातलंच. इन्सुलिनचा निरोप पेशीच्या आत पोचवणारा ग्राही, म्हणजे पेशीवरचं निरोप झेलणारं प्रथिन, तोही यातलाच. सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत असा अखंड उपसा करणारा पंपही. प्रत्येकाच्या नावापुढे मॅग्नेशियमचा वेगळा पराक्रम लिहायची गरज नाही, मूळ काम एकच आहे.

एटीपीखेरीजही त्याची दोन मोठी ठिकाणं आहेत. डीएनएची नक्कल उतरवणारं एन्झाइम नवा घटक साखळीला जोडताना मॅग्नेशियमचे दोन आयन वापरतं. एक जोडणीच्या जागी रासायनिक क्रिया सुरू करून देतो, दुसरा सुटून जाणाऱ्या फॉस्फेटांना सांभाळतो. दुसरं ठिकाण रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बांधणारं यंत्र. ते मुख्यतः आरएनएचं बनलेलं असतं, आणि आरएनएच्या धाग्यावर जागोजाग ऋणभार असल्यामुळे त्याचे वेटोळे एकमेकांपासून दूर पळू पाहतात. मॅग्नेशियम त्यांना जवळ धरून ठेवतं. प्रयोगशाळेत द्रावणातलं मॅग्नेशियम पुरेसं कमी केलं की रायबोसोमचे दोन तुकडे चक्क सुटे होतात, वाढवलं की पुन्हा जुळतात.

कॅल्शियम शेजारीच असताना हे काम मॅग्नेशियमकडेच का?

दोन्ही धातू, दोघांवरही दोनच धनभार. तरी पेशी त्यांना अगदी वेगळं वागवते. फरक पडतो तो पाण्यामुळे. मॅग्नेशियमचा आयन लहान असल्याने त्याचा भार एकवटलेला असतो, आणि त्यामुळे भोवतीचे सहा पाण्याचे रेणू तो घट्ट धरून ठेवतो. कॅल्शियम आकाराने मोठा, त्याची पकड सैल. कॅल्शियमच्या भोवतालचे पाण्याचे रेणू मॅग्नेशियमच्या मानाने हजारो पट वेगाने येत-जात असतात. म्हणून कॅल्शियम क्षणात पाणी झटकून एखाद्या प्रथिनाला चिकटतो आणि क्षणात सुटतो. झटपट निरोप द्यायला असाच गडी हवा.

पेशी याचा पुरेपूर फायदा घेते. आराम करणाऱ्या पेशीच्या आत मोकळं कॅल्शियम बाहेरच्या मानाने सुमारे दहा हजार पट कमी ठेवलेलं असतं. दार किंचित उघडलं तरी ते आत मुसंडी मारतं आणि पेशीला कळतं की काहीतरी करायचंय. मोकळ्या मॅग्नेशियमचं प्रमाण आत आणि बाहेर फारसं वेगळं नसतं, आणि ते सहसा हलतही नाही.

स्नायूत हे दोघे आमनेसामने येतात. आखडण्याचा हुकूम कॅल्शियमचा. स्नायू शिथिल असताना कॅल्शियमच्या बसण्याच्या काही जागा मॅग्नेशियमने अडवलेल्या असतात. आखडून झाल्यावर कॅल्शियमला पुन्हा कोठारात ढकलणारा पंप चालतो तोही मॅग्नेशियमधारी एटीपीवर. मॅग्नेशियम खूपच घटलं तर चेता आणि स्नायू दोन्ही चिडखोर होतात, कारण नसताना उडायला लागतात, ते यामुळे.

मेंदूतला प्रकार तर याहून सुरेख आहे. चेतापेशींवर एनएमडीए नावाचे ग्राही असतात. ग्लुटामेट हा रासायनिक निरोप्या येऊन बसला की त्यांच्यातली वाट उघडते, आणि त्या वाटेने कॅल्शियम आत जायला हवं. पण चेतापेशी निवांत असताना तिची आतली बाजू ऋणभारित असते, त्यामुळे बाहेरचं मॅग्नेशियम त्या वाटेत ओढलं जातं आणि तिथेच अडकून बसतं. निरोप आला, दार उघडलं, तरी आत कुणी जाऊ शकत नाही. हे बूच निघतं कधी? इतर दिशांनी आलेल्या संदेशांमुळे पेशी आधीच उद्दीपित झालेली असेल तेव्हाच. त्यावेळी आतला ऋणभार घटतो, मॅग्नेशियम बाहेर फेकलं जातं आणि कॅल्शियमला वाट मिळते. म्हणजे दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या तरच ही वाट मोकळी होते. एकत्र घडणाऱ्या गोष्टींची सांगड घालणं हा शिकण्याचा आणि लक्षात ठेवण्याचा पाया आहे, आणि त्या सांगडीच्या मुळाशी एका धातूचं अडकणं-सुटणं आहे. हे १९८४ मध्ये उजेडात आलं. मला विचाराल तर मॅग्नेशियमच्या सगळ्या कामगिऱ्यांत ही सर्वांत देखणी.

दुर्दैवाने जाहिरातींनाही हीच सर्वांत जास्त आवडते. 'मॅग्नेशियम मेंदू शांत ठेवतं' हे वाक्य इथूनच उचललेलं असतं. पण मेंदू स्वतःभोवतीच्या द्रवातलं मॅग्नेशियम स्वतंत्रपणे सांभाळतो. रक्तात ते बरंच वाढवलं तरी त्या द्रवात अगदी थोडं वाढतं. ग्राहीतलं बूच खरं आहे, पण गोळी गिळली की ती बुचं अधिक घट्ट बसतील असं त्यावरून म्हणता येत नाही.

शरीरात किती, आणि कुठे

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे २५ ग्रॅम मॅग्नेशियम असतं. त्यातलं निम्म्याहून अधिक हाडांत, उरलेलं बहुतेक स्नायूंत आणि इतर मऊ अवयवांत. रक्ताच्या द्रवभागात एकूण साठ्याच्या एक टक्काही नसतं. आणि आपण तपासतो काय, तर नेमका तोच टक्काभर भाग. पाकिटातल्या सुट्ट्या पैशांवरून घरच्या ठेवींचा अंदाज बांधण्यातला हा प्रकार आहे.

त्यातही शरीर ती रक्तातली पातळी जिवाच्या आकांताने सांभाळतं. आहारातून कमी आलं की मूत्रपिंडं लघवीवाटे जाणारं मॅग्नेशियम आवळून धरतात, आणि हाडांच्या पृष्ठभागावरचा साठा हळूहळू रक्तात उतरतो. त्यामुळे अहवालात आकडा कमी आला तर कमतरता आहे असं धरून चालायला हरकत नाही, आकडा व्यवस्थित आला तर मात्र साठा भरलेला आहे याची खात्री नसते. डॉक्टरांना दाट शंका असेल तर २४ तासांची लघवी तपासतात. क्वचित शिरेतून मॅग्नेशियम देऊन त्यातलं किती बाहेर पडतं हेही बघतात. शरीराने बरंचसं ठेवून घेतलं, तर ते उपाशी होतं.

मूत्रपिंडांचं काम इथे थक्क करणारं आहे. दिवसाला साधारण २,४०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम त्यांच्या गाळणीतून खाली उतरतं, त्यातलं ९५ टक्क्यांहून अधिक ती परत घेतात. बहुतेक वसुली नलिकेच्या मधल्या भागात होते. शेवटचा हिशेब मात्र पुढच्या एका छोट्या भागात लागतो. तिथे फक्त पाच-दहा टक्केच परत घेतलं जातं, पण किती ठेवायचं आणि किती सोडायचं हे तिथेच ठरतं. त्या भागातलं दार म्हणजे टीआरपीएम६ नावाचं प्रथिन, आतड्यातही तेच असतं. हे कळलं ते काही तान्ह्या बाळांमुळे. त्यांना जन्मानंतर लवकरच आकडी यायची, रक्तात मॅग्नेशियम नगण्य आणि सोबत कॅल्शियमही कमी. २००२ मध्ये या आजाराचं मूळ टीआरपीएम६ च्या जनुकातल्या बिघाडात सापडलं. दार नादुरुस्त असलं तरी आतड्यात पेशींच्या फटींतून थोडं मॅग्नेशियम झिरपतं, म्हणून अशा बाळांना जन्मभर भरपूर मॅग्नेशियम द्यावं लागतं, आणि त्यावर ती वाढतात.

सुरुवातीच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आता सोपं आहे. मॅग्नेशियम थोडं कमी पडल्यावर लगेच काही बिघडत नाही, कारण हाडांत साठा आहे आणि मूत्रपिंडं कंजूष आहेत. निरोगी माणसाला निव्वळ कमी खाण्यामुळे तीव्र कमतरता सहसा होत नाही. होते ती जिथे गळती आहे तिथे. लांबलेले जुलाब, आतड्यांचे आजार, दीर्घकाळचं मद्यपान, आटोक्यात नसलेला मधुमेह, लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या, कर्करोगावरचं सिस्प्लॅटिनसारखं औषध. आणि एक असं कारण जे सहज नजरेआड होतं: आम्लपित्तावरच्या 'प्राझोल'वाल्या गोळ्या, म्हणजे ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल वगैरे. त्या वर्षानुवर्षं घेतल्या तर मॅग्नेशियम घटू शकतं, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २०११ मध्ये दिला. तेव्हा नोंदवलेल्या रुग्णांपैकी सुमारे पाव जणांत नुसतं मॅग्नेशियम देऊन भागलं नाही, ती गोळीच बंद करावी लागली.

कमतरतेची सुरुवातीची लक्षणं कुठल्याही आजारात खपतील अशी असतात: भूक मंदावणं, मळमळ, थकवा. पुढे मुंग्या, पेटके, थरथर. खोल कमतरतेत एक खूण दिसते ती मात्र विसरता येणार नाही अशी. दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा बांधून तो वरच्या रक्तदाबापेक्षा जास्त फुगवून तीन मिनिटं तसाच ठेवायचा. थोड्या वेळात मनगट आत वळतं, अंगठा तळव्याकडे ओढला जातो, बोटं ताठ होऊन एकमेकांना चिकटतात, आणि रुग्णाने ठरवूनही हात उघडत नाही. ही खरी कॅल्शियमच्या कमतरतेची खूण, पण मॅग्नेशियम घसरलं की कॅल्शियमही घसरतं. कॅल्शियम सांभाळणारं संप्रेरक गळ्यातल्या पॅराथायरॉईड ग्रंथींतून येतं. मॅग्नेशियम फार घटलं की त्या ग्रंथी ते पुरेसं सोडत नाहीत, आणि जे सोडतात त्याला हाडं दाद देत नाहीत.

पोटॅशियमचंही तसंच. रुग्णाला पोटॅशियम द्यावं, दुसऱ्या दिवशी तपासावं, तर आकडा जिथल्या तिथे. मूत्रपिंडातल्या पेशींत पोटॅशियम बाहेर सोडणाऱ्या वाटा असतात आणि पेशीतलं मॅग्नेशियम त्या अर्धवट बंद ठेवतं. मॅग्नेशियमच नसेल तर वाटा सताड उघड्या, वरून ओतलेलं पोटॅशियम लघवीतून निघून जातं. म्हणून जाणते डॉक्टर हट्टी पोटॅशियमपुढे आधी मॅग्नेशियम बघतात.

औषध म्हणून

मॅग्नेशियमला ठामपणे औषध म्हणता येईल अशा जागा मोजक्या आहेत. पहिली गर्भारपणातली. रक्तदाब वाढून आकडी येण्याचा धोका असलेल्या स्त्रियांना मॅग्नेशियम सल्फेट देतात. १०,००० हून अधिक स्त्रियांवर ३३ देशांत झालेल्या मॅगपाय चाचणीचा निकाल २००२ मध्ये आला: आकडीचा धोका निम्म्याहून कमी झाला. ते नेमकं कसं घडतं यावर अजून एकमत नाही. पण हे औषध देताना खाटेशी काय चालतं ते बघण्यासारखं आहे. नर्स ठरावीक वेळाने गुडघ्याखाली छोटी हातोडी मारून पाय उडतो का बघते, श्वास मोजते, लघवी किती झाली ते लिहून ठेवते. मॅग्नेशियम जास्त झालं तर आधी गुडघ्याचा झटका नाहीसा होतो, श्वास मंदावतो तो त्यानंतर. या दोन्हींमधलं अंतर हीच सुरक्षिततेची जागा. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटची कुपी हाताशी ठेवलेली असते, म्हणजे जुना प्रतिस्पर्धीच इथे कामाला येतो.

हृदयाच्या ठोक्यांच्या एका विशिष्ट, जीवघेण्या गडबडीतही ते शिरेतून देतात. दम्याच्या तीव्र झटक्यातही काही वेळा देतात.

मात्र हृदयविकाराच्या झटक्याची गोष्ट डोळ्यांत अंजन घालणारी आहे. १९९२ मध्ये सुमारे २,३०० रुग्णांवरच्या एका ब्रिटिश चाचणीत मॅग्नेशियम दिल्याने मृत्यू जवळपास पाव हिश्शाने कमी झाल्याचं दिसलं. स्वस्त, सोपं, आणि तर्कालाही पटणारं. तीन वर्षांनी ५८,००० रुग्णांच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला, त्यात काहीच फायदा दिसला नाही. पेशीतलं काम कितीही पटणारं असो, माणसाला फायदा होतो का हे वेगळं तपासावंच लागतं.

गोळ्यांबद्दलही हेच लागू होतं. रात्री पायांत येणाऱ्या पेटक्यांसाठी मॅग्नेशियम सर्रास घेतलं जातं, पण वयस्कर लोकांवरच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तर नाव घेण्याजोगा फरक दिसत नाही. झोपेसाठीचा पुरावा तुटपुंजा आहे. रक्तदाब उतरतो, पण सरासरी दोनेक अंकांनी. अर्धशिशीत काहींना उपयोग होतो, चाचण्यांचे निकाल मात्र एकसारखे नाहीत. बद्धकोष्ठतेवर ते खात्रीने चालतं, आणि ते का याचं उत्तर अगदी साधं: न शोषलेलं मॅग्नेशियम आतड्यात पाणी ओढतं. कमतरता असलेल्या माणसाला गोळीचा फायदा होणारच. जिथे कमतरता नाही तिथे जास्तीचं मॅग्नेशियम मूत्रपिंडं लघवीत सोडून मोकळी होतात.

अमेरिकी शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला ४०० ते ४२० मिलिग्रॅम आणि स्त्रीला ३१० ते ३२० मिलिग्रॅम लागतं. इतर देशांचे आकडे थोडे इकडेतिकडे. आपण खातो त्यातलं ३० ते ४० टक्केच शोषलं जातं, हे या आकड्यांत धरलेलंच आहे. बिया आणि टरफलाची फळं यांत ते भरपूर असतं. १०० ग्रॅम भोपळ्याच्या बियांत ५०० मिलिग्रॅमच्या वर, तेवढ्याच बदामांत सुमारे २७०. कडधान्यं, सालासकटची धान्यं, पालेभाज्या हे रोजचे स्रोत. धान्य पांढरंशुभ्र केलं की त्यातलं बहुतेक मॅग्नेशियम कोंड्याबरोबर जातं. पालेभाज्यांबद्दल एक गमतीची गोष्ट: हरितद्रव्याच्या मधोमध मॅग्नेशियम असतं, म्हणून हिरव्या पानांत ते असतं, असं सांगितलं जातं. पहिला भाग खरा आहे, पण पानातलं बरंचसं मॅग्नेशियम हरितद्रव्याच्या बाहेरच असतं. तिथेही ते एटीपी आणि रायबोसोमच सांभाळत असतं.

गोळी घ्यायचीच असेल तर डबीवरचा मोठा आकडा सोडून 'एलिमेंटल मॅग्नेशियम', म्हणजे संयुगातलं प्रत्यक्ष मॅग्नेशियम, किती ते वाचावं. मॅग्नेशियम ऑक्साईडमध्ये वजनाच्या ६० टक्के मॅग्नेशियम असतं पण ते शोषलं फार कमी जातं, सायट्रेटमध्ये जेमतेम १६ टक्के पण शोषण बरं. गोळ्यांतून घेण्याची कमाल मर्यादा अमेरिकेत ३५० मिलिग्रॅम आणि युरोपात २५० मिलिग्रॅम धरतात. ती जुलाबाच्या त्रासावरून ठरवली आहे आणि अन्नातल्या मॅग्नेशियमला लागू नाही. थायरॉईडची गोळी, टेट्रासायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविकं, हाडांच्या ठिसूळपणावरच्या काही गोळ्या, या सगळ्या मॅग्नेशियमला आतड्यातच चिकटतात आणि शोषल्या जात नाहीत, तेव्हा त्यांच्यात काही तासांचं अंतर ठेवावं लागतं.

मूत्रपिंडं अशक्त असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. जास्तीचं बाहेर टाकणारा रस्ताच त्यांच्याकडे अरुंद झालेला असतो. मॅग्नेशियम फक्त पूरक गोळ्यांत असतं असंही नाही, आम्लपित्तावरची कित्येक पातळ औषधं आणि पोट साफ करणारी चूर्णं-द्रावणं यांतही ते ग्रॅमच्या हिशेबाने असतं, आणि डॉक्टरांना आपल्या औषधांची यादी सांगताना लोक नेमकी तीच सांगायची विसरतात.